दुप्पट जास्वंद

फूलमावशीला जास्वंदीबद्दल काही विचारायची सोय नव्हती. विचारलंत की तास गेलाच म्हणून समजा. 'हल्ली केस फार गळतात हो' एवढं कुणी सहज म्हणालं, की ती त्याला हाताला धरून दुकानात नेणार, स्टुलावर बसवणार आणि डोकं खाली वाकवून भांगाची तपासणी करणार. मग सुरू. लाल पाकळ्या खोबरेल तेलात मंद आचेवर कढवायच्या. पाकळी काळी पडून कुरकुरीत झाली की उतरवायचं, त्याआधी नाही. पानं पाण्यात चुरगळली की बुळबुळीत रस सुटतो, त्यानं केस धुवायचे. आणि चहा करताना फुलाच्या मधला परागाचा दांडा काढून टाकायचा, नाहीतर घशात खवखवतं. समोरच्या माणसाला टक्कल असलं तरी तिचं काही अडत नसे.

बावीस वर्षं तिनं हा एकच उद्योग केला. जास्वंदीचं फूल एका दिवसाचा सोबती, म्हणून सकाळी सहाला ती कापडी पिशवी घेऊन आळीतली कुंपणं पालथी घालायची. कुणाच्या घरी किती झाडं, कुठल्या झाडाला पांढरी कीड लागली, सगळं तिला तोंडपाठ. गल्लीतली माणसं आजारी पडली तर तिला उशिरा कळायचं, झाड आजारी पडलं तर आधी. फुलं घरी आणून पाकळ्या सुट्या करायच्या, वरच्या खोलीत जाळीच्या ट्रेवर पसरायच्या आणि दर दोन तासांनी उलटायच्या. खोलीला दोन्ही बाजूंनी खिडक्या, पण ऊन आत येऊ द्यायचं नाही, कारण उन्हानं रंग उडतो. आणि रंग उडालेली पाकळी म्हणजे तिच्या लेखी केर. पाकळ्या हाताळून हाताळून तिची बोटं कायमची जांभळट झालेली. नवा माणूस ती बोटं बघून दचकायचा आणि त्याचा तिला भारी अभिमान.

गिऱ्हाइकाला गार करायचा तिचा एक प्रयोग होता. काचेच्या पेल्यात वाळक्या पाकळ्यांवर गरम पाणी ओतायचं. पाणी काळपट जांभळं झालं की त्यात लिंबू पिळायचं. बघता बघता पेला लालभडक. बघणारा तोंडात बोट घालायचा आणि मावशी अशी हसायची, जशी काही लिंबाची आणि फुलाची ओळख तिनंच करून दिली होती.

समोरच्या औषधाच्या दुकानातला दुकानदार मात्र काउंटरवर कोपर टेकवून ओरडायचा, "मावशी, रंगीत पाणी छान झालंय हो!"

रंगीत पाणी म्हटलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कारण तिची खात्री होती, की रोज हा चहा घेतला की रक्तदाब उतरतो. तिनं तो उतरताना पाहिलाही होता. फक्त पांढरा डगला घातलेल्या एकाही माणसानं कधी तिला 'होय बाई, तुमचं खरं आहे' असं म्हटलं नव्हतं, आणि ते तिला सलत होतं. त्यातून तिचा सगळा राग गोळ्यांवर निघायचा. चहा नेणाऱ्या प्रत्येकाला ती दाराशी अडवून विचारायची, "गोळी सोडलीस का?"

तिचा थोरला भाऊ तीन गल्ल्या सोडून शिंप्याचं दुकान चालवायचा. वडील लवकर गेले, तेव्हा हा सतरा वर्षांचा आणि ती दहाची. त्यानं मशीनवर बसून घर ओढलं, तिचे शाळेचे फ्रॉकसुद्धा त्यानंच शिवले. स्वभावानं इतका भिडस्त, की गिऱ्हाइकाची कंबर दोन इंच वाढली तरी 'छे, आहे तेवढीच आहे' म्हणायचा आणि मागच्या मागे शिवण उसवून पँट सैल करून द्यायचा. दोन वर्षांपूर्वी त्याला रक्तदाबाचा त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी गोळी दिली, बहिणीनं थर्मास. रोज सकाळी आठला ती चहा पोचवायची आणि रोज विचारायची, "दादा, गोळी सोडलीस का?"

"अजून नाही, छोटे."

मग तिचं तोंड एवढंसं व्हायचं. असं दीड वर्ष चाललं. शेवटी एका सकाळी दादा सुईत दोरा ओवता ओवता, मान वर न करता म्हणाला, "सोडली बघ."

मावशीला आकाश ठेंगणं झालं. दुपारपर्यंत अर्ध्या आळीला बातमी कळली. औषधवाल्याला तर तिनं रस्ता ओलांडून जाऊन सांगितलं. तो काहीतरी बोलणार होता, पण नुसताच हसला आणि खोकी लावायला वळला. पहिल्यांदाच त्याची बोलती बंद केली, म्हणून ती तरंगतच घरी आली.

संध्याकाळी मात्र तिला शंका आली. गोळी गेली, म्हणजे दादाचा सगळा भार आता एकट्या फुलावर. कमी पडलं तर? दुसऱ्या दिवसापासून तिनं एका मुठीच्या दोन मुठी केल्या. पेल्यात चमचा बुडवला की दिसता कामा नये, इतका गडद रंग. शिवाय दुपारी चारला दुसरा थर्मास. दादा एकदा म्हणाला, "जरा कडक होतंय का गं?" तर ती म्हणाली, "औषध आहे ते, सरबत नाही." त्यानं मुकाट्यानं पेला रिकामा केला.

अकराव्या दिवशी सकाळी ती वरच्या खोलीत ट्रे उलटत असताना वहिनीचा फोन आला. वहिनी एरवी सावकाश बोलणारी बाई. त्या दिवशी तिला वाक्य पुरं करता येईना. "हे पडले... कोट शिवता शिवता उठले आणि पडले... इस्त्रीच्या टेबलाचा कोपरा लागलाय... रक्त थांबत नाहीये."

मावशीच्या हातातला ट्रे कसा सुटला, जिना कसा उतरला, तिला काही आठवत नाही. इस्पितळाच्या दारात तिला दिसलं, की एका पायात आपली चप्पल आहे आणि दुसऱ्यात नुसती धूळ.

दादा खाटेवर आडवा होता. कपाळावर सात टाके, ओठ पांढरेफटक, हाताला सलाइन. त्याला तिनं असं झोपलेलं कधी पाहिलंच नव्हतं. तापातसुद्धा तो मशीनवर बसलेला असायचा. तिनं खाटेची दांडी धरली आणि ती सोडायचा तिला धीर होईना.

तरुण डॉक्टरीणबाई आल्या. "रक्तदाब फारच खाली गेलाय यांचा. उभे राहिले की चक्कर येणारच. डोकं जोरात आपटलंय, त्यामुळे चोवीस तास लक्ष ठेवावं लागेल. गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"कुठलीच नाही," मावशी म्हणाली.

"ही," वहिनी म्हणाली, आणि तिनं पर्समधून अर्धी संपलेली पट्टी काढून पुढे केली.

मावशी त्या पट्टीकडे बघतच राहिली. "ही तर सोडली ना त्यानं?"

"कुणी सोडली? एक दिवस चुकवत नाहीत. तुमच्या समोरच्या दुकानातूनच आणते मी. त्यांनाही सांगून ठेवलंय, ताईंना बोलू नका म्हणून."

म्हणजे दादा खोटं बोलला, वहिनीनं ते झाकलं आणि जो औषधवाला उठता बसता टिंगल करायचा, तो मेला यांना सामील! तिला संतापायचं होतं, पण संतापाला जागाच उरली नव्हती. कारण डॉक्टरीणबाईंनी पुढचा प्रश्न विचारला होता. "आणखी काही घेतात का? काढा, चूर्ण, चहा?"

वहिनीनं मान खाली घातली. सांगायचं मावशीलाच होतं.

"जास्वंदीचा चहा," मावशी म्हणाली. "मीच देते."

"किती?"

"दोन मुठी पाकळ्या. दिवसातून दोनदा." आणि मग आवाज कसाबसा बाहेर आला, "आधी एकच मूठ द्यायची. गोळी सोडली म्हणाला, म्हणून वाढवली."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या लिहिता लिहिता म्हणाल्या, "हे बघा, जास्वंदीनं रक्तदाब उतरतो, तुमचं चुकीचं नाही. पण गोळीनंही उतरतो. दोन्ही एकदम, त्यात तुमचा एवढा कडक चहा. म्हणजे दोघांनी मिळून खाली ओढलं त्यांना. फूल घरचं असलं तरी ते औषधासारखं काम करतं ना? मग औषधासारखंच विचारून घ्यायला हवं."

बावीस वर्षं हे वाक्य ऐकायला तिचे कान आसुसले होते. पांढऱ्या डगल्यातल्या माणसानं सगळ्यांसमोर सांगितलं, तुमचं फूल काम करतं. आणि तिला थोबाडीत बसल्यासारखं झालं. रंगीत पाणी असतं तर दादा आत्ता कोटाची कॉलर लावत असता.

दुपारी त्यानं डोळे उघडले. मावशी जवळच बसली होती.

"खोटं का बोललास रे?"

"रोज विचारायचीस गं तू. नाही म्हटलं की तोंड पाडायचीस. एक दिवस वाटलं, हो म्हणून टाकावं." तो थोडा थांबला. "पण हल्ली एवढा कडू का करत होतीस? घशाखाली उतरेना."

"मग ओतून द्यायचा होतास मोरीत!"

"तू केलेला?" दादा म्हणाला. त्याला खरोखरच आश्चर्य वाटलेलं दिसलं.

मावशी तोंड वळवून रडली. दहाव्या वर्षापासून ज्यानं तिचं मन मोडलं नाही, त्यानं आताही ते मोडलं नव्हतं, आणि ते सांभाळता सांभाळता जीव गमवायची वेळ आणली होती. ती मनाशी म्हणाली, हे सगळं माझ्या एका प्रश्नापायी. आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं. हा प्रश्न तिनं एकट्या दादाला थोडाच विचारला होता!

दुसऱ्या दिवशी दादाला घरी सोडलं. मावशीनं दुकान उघडलंच नाही. रक्तदाबासाठी चहा नेणाऱ्या एकेका गिऱ्हाइकाचं घर तिनं गाठायला सुरुवात केली. दारातच हात जोडायची. "खरं सांगा. गोळी चालू आहे की सोडलीत? मी रागावणार नाही."

शाळेतल्या बाई आधी अडखळल्या, मग हसल्या. "मावशी, गोळी चालूच आहे. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून सोडली म्हणायचे. चहा घेते कधीमधी, चवीला." पोस्टमन म्हणाला, कधी सोडलीच नव्हती. बेकरीवाला म्हणाला, तुमच्यासमोर कोण नाही म्हणणार? 'सोडली, सोडली' असं जोशात सांगणाऱ्या कोपऱ्यावरच्या निवृत्त मास्तरांनी तर कपाटातून तिच्याच सहा न फोडलेल्या पुड्या काढून दाखवल्या. मावशी थक्क झाली. अख्खी आळी तिला वर्षानुवर्षं गोड बोलून बनवत होती! एरवी तिनं महिनाभर अबोला धरला असता. त्या दिवशी प्रत्येक खोटारड्याच्या दारातून ती सुटकेचा श्वास टाकून निघाली. चहा घेणाऱ्यांना ती एवढंच बजावत होती, की पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा हा चहाही सांगा.

शेवटचं घर लॉन्ड्रीवाल्या काकांचं. एकटा माणूस, पासष्टीचा, मोजकंच बोलणारा. ते एका हातानं मानेचा मागचा भाग दाबत, दुसऱ्यानं शर्टावर इस्त्री फिरवत होते.

"काका, गोळी चालू आहे ना?" तिनं विचारलं. उत्तर आता तिला पाठ झालं होतं.

काकांनी इस्त्री उभी केली, ड्रॉवर ओढला आणि तीन कोऱ्या पट्ट्या टेबलावर ठेवल्या. चेहऱ्यावर परीक्षेत पहिला नंबर आलेल्या पोराचा आनंद. "ह्या बघा. तीन महिने हात लावलेला नाही."

"आणि... चहा?"

"तो महिनाभर घेतला. बरं वाटायला लागलं, म्हणून तोही थांबवला. तुम्ही म्हणाला होतात ना, फूल मुळापासून बरं करतं म्हणून."

म्हणाली होती. याच दारात, मोठ्या तोऱ्यात. मावशी एक पाऊल पुढे झाली. "मान का दाबताय?"

"दुखतं आठ दिवस. डोकंही ठणकतं. कामाचा ताण, दुसरं काय?"

तिनं स्वतःच इस्त्रीची पिन काढली, काकांचा हात धरला आणि त्यांना जवळजवळ ओढतच औषधवाल्याकडे नेलं. त्यानं एक शब्द न विचारता काकांच्या दंडाला पट्टा बांधला. यंत्र घरघरलं, थांबलं. आकडा बघून औषधवाल्याचा चेहरा उतरला. त्यानं पुन्हा एकदा मोजलं. मग मावशीकडे बघून हळूच म्हणाला, "वरचा आकडा दोनशे बारा आहे. रिक्षा बोलावतो, लगेच निघा."

रिक्षात काका अगदी निवांत बसले होते. भेदरली होती ती मावशी. त्यांचं मनगट तिनं जांभळ्या बोटांनी घट्ट धरलं होतं.

"तुम्ही उगाच घाबरता," काका म्हणाले. "आळीतली पोरं हसतात तुम्हाला, पण माझा पूर्ण विश्वास आहे. सांगा ना, चहा पुन्हा सुरू करू का? एक मूठ की दोन?"

मावशीनं तोंड उघडलं. तिच्याकडे या प्रश्नाचं उत्तर नाही असं आजवर कधी झालं नव्हतं.

"मला विचारू नका, काका," ती म्हणाली. "डॉक्टरांना विचारा."

काका तिच्याकडे बघतच राहिले. आणि मग, त्या दिवशी पहिल्यांदाच, तेही घाबरले.