लाखेवरची वीण

भाऊ गिटारी बनवायचा आणि ताई त्यांना पॉलिश करायची. घरामागे दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत करवत, रंधा, भुसा आणि भाऊ. मागच्या खोलीत ताई, आणि मधलं दार कायम लावलेलं. ओल्या पॉलिशवर भुशाचा एक कण बसला तरी दिवसाचं काम वाया जातं. त्यामुळे भाऊ आत यायचा नाही. बोलायचं ते दार किलकिलं करून, उंबरठ्याबाहेर उभं राहून. एकतीस वर्षं दोघांची भांडणं, चेष्टा, सल्लामसलत सगळं त्या उंबरठ्यावरच झालं.

"तुझ्या खोलीत यायचं म्हणजे आंघोळ करून यायला हवं," तो म्हणायचा.

"मग करत जा. तेवढंच निमित्त," ताई म्हणायची.

तो छप्पन वर्षांचा झाला तरी ती त्याला बाळ्याच म्हणायची.

तिची पद्धत जुनी. लाखेचे तांबूस पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवायचे, गाळून घ्यायचे आणि धुवट सुती कापडात बांधलेल्या कापसाच्या बोळ्यानं ती लाख लाकडावर फिरवायची. आधी गोल गोल, मग इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे, मग सरळ लांब हात. नियम एकच. बोळा लाकडावर असेपर्यंत थांबायचं नाही. क्षणभर जरी थांबला तरी खालची लाख विरघळून त्याला चिकटते आणि चट्टा पडतो. म्हणून फोन वाजो, कुणी हाक मारो, हात पुरा झाल्याशिवाय ताई मान वर करायची नाही. कागदाहून पातळ थर, मध्ये मध्ये वाळायला दिलेले दिवस, आणि शेवटी महिनाभर नुसतं टांगून ठेवणं. घाई तिनं कधी केली नव्हती.

मग भावाची फुप्फुसं थकली. डॉक्टरांनी महिन्यांची भाषा सोडून आठवड्यांची सुरू केली. तेव्हा त्याच्या हातची शेवटची गिटार नुकतीच ताईच्या खोलीत आली होती. संगीत शिकवणाऱ्या एका बाईंनी ती बनवायला सांगितलेली होती.

"एकदा ऐकायचीय मला," पलंगावरून तो म्हणाला. "कशी बोलते ते कळू दे. मग काय व्हायचं ते होऊ दे."

तारा ज्या पट्टीला बांधतात ती पट्टी पॉलिश झाल्यावरच चिकटवता येते. म्हणजे सगळं ताईवर आलं. ती दिवसातून एकदाच्या ऐवजी तीनदा बसायला लागली. वाळायला दोन दिवस द्यायचे तिथे एक दिला. शेवटचा महिना तर तिनं सरळ उडवून लावला. अठराव्या दिवशी पट्टी बसली, विसाव्या दिवशी तारा चढल्या.

भावानं गिटार हातात घेतली आणि आधी तिच्या पाठीला नाक लावलं. आतून अजून स्पिरिटचा वास येत असेल, तर लाख कच्ची असते.

"ताई, ओली आहे की गं ही."

"तुझं नाक गेलंय आजारपणात."

"फुप्फुसं गेलीत. नाक शाबूत आहे," तो म्हणाला, पण गिटार परत दिली नाही.

त्यानं सात-आठ मिनिटं वाजवली. तो काही मोठा वाजवणारा नव्हता. आवाज तपासायला लागतात तेवढेच सूर त्याला येत. एक जाड तार छेडून तो तिचा आवाज पार विरेपर्यंत ऐकत बसला. मग म्हणाला, "खालचा सूर बरा उतरलाय." त्याच्या तोंडून ही फारच मोठी स्तुती होती.

हात उचलला तेव्हा दिसलं. त्याला सतत थंडी वाजायची म्हणून अंगात बायकोनं विणलेला राखाडी स्वेटर होता. गिटारीच्या कडेवर जिथे त्याचा हात टेकला होता तिथे कच्च्या लाखेत स्वेटरची वीण उमटली होती, टाका न् टाका मोजता यावा इतकी स्पष्ट.

"हे गिऱ्हाईक अगदीच बेशिस्त निघालं," तो हसला. हसता हसता खोकला. मग म्हणाला, "पुसून टाक हं. असलं काम बाहेर नाही जाऊ द्यायचं."

"टाकते," ताई म्हणाली.

त्यानंतर नवव्या दिवशी तो गेला.

गिटार दोन महिने मागच्या खोलीत टांगलेली राहिली. लाख कडक झाली आणि वीणही तिच्याबरोबर कडक झाली. बाईंचा निरोप आला, तसं ताईनं गिटार खाली उतरवली. भावजय दाराशी येऊन उभी राहिली. कडेवर नजर पडताच तिनं ओळखलं.

"ही माझी वीण आहे," ती म्हणाली. "ताई, राहू द्या ना एवढी. बाईंना दुसरी देऊ आपण."

"दुसरी कोण करणार आहे?"

भावजय सवयीनं उंबरठ्याबाहेरच बसली.

ताईनं बोळा बांधला. लाखेचा गुण असा, की नवा हात फिरला की जुनी लाख थोडी विरघळते आणि त्यात मिसळून जाते. ओरखडा असो, डाग असो, सगळं भरून निघतं. आजवर तिला या गुणाचं कौतुकच होतं. तिनं हात चालता ठेवूनच बोळा टेकवला. पहिल्या काही हातांत टाक्यांच्या कडा बोथट झाल्या. मग ओळी पुसट झाल्या.

"ताई, थांबा," भावजय म्हणाली. "जरा थांबा ना. शेवटचं बघू द्या."

"आता थांबता येत नाही गं," ताई म्हणाली. तिनं मान वर केली नाही. समोरचं तिला नीट दिसत नव्हतं, पण हाताला वाट पाठ होती. गोल, आठ, गोल, आठ. बोळा कोरडा पडत आला, तेव्हा एक लांब सरळ हात मारून तिनं तो कडेवरून उचलला.

कडेत खिडकीचा चौकोन दिसत होता. बाकी काही नव्हतं. भावजय पदरानं डोळे पुसत उठून गेली. त्या दिवशी ती ताईशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

या खेपेला ताईनं महिना पुरा होऊ दिला. बाई आल्या, गिटार उजेडात फिरवून फिरवून बघितली. "आरसाच आहे," म्हणाल्या. ताईनं घडी घातलेलं एक मऊ सुती फडकं त्यांच्या हातात दिलं.

"वाजवताना हाताखाली हे घेत जा," ती म्हणाली. "आणि पहिलं वर्षभर स्वेटर घालून वाजवू नका."

"का हो?"

"वीण उमटते," ताई म्हणाली.