मंजूर झालेला नकाशा

रायपूरच्या तहसील कार्यालयात मी जमिनीची मोजणी करतो. पूर्वी मोजून नकाशा काढला की आमचे साहेब तिथंच मंजुरी द्यायचे आणि त्या कागदावर माणूस रजिस्ट्री करून मोकळा व्हायचा. मग सगळी मंजुरी नवा रायपूरच्या एका कार्यालयाकडे गेली. गडबडी थांबाव्यात म्हणून, असं सांगितलं गेलं. गडबडी होत होत्या, हेही खरं. तरी इतकी वर्षं फीत धरलेल्या माणसावर आता भरवसा नाही, हे मला लागलं.

त्याच सुमारास शहरातल्याच गुढियारी वस्तीतल्या एका म्हातारीचा अर्ज आला. मूळची भंडाऱ्याकडची, नवरा रेल्वेत होता. जागा तिनं स्वतः घेतलेली. थोरला मुलगा वारलेला, त्याला मूलबाळ नव्हतं. त्याची बायको सासूजवळच राहायची, तिचं सगळं करायची. अर्धी जागा त्या सुनेच्या नावानं दानपत्र करून द्यायची, एवढंच म्हातारीला हवं होतं.

मोजणीला गेलो तेव्हा मी मराठी आहे हे कळून ती खुलली. फितीचं दुसरं टोक सुनेनं धरलं. धाकटा मुलगा ओट्यावर बसून होता. निघताना म्हातारी फाटकापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "मी आहो तोवर करून दे बाबू. मागून तो हिले इथं राहू नाही देणार."

मी हो म्हणालो.

नकाशा वर पाठवला. दोन आठवड्यांनी परत आला. शेजारच्या हद्दीशी रेषा जुळत नाही म्हणे. फरक वीतभरही नव्हता. पूर्वी साहेब शेजाऱ्याला बोलावून सही घ्यायचे आणि विषय संपायचा. जागेवर पाय न ठेवलेला माणूस मला हद्द शिकवतो, याचा राग आला आणि मी फाईल तशीच बाजूला सारली. कळू दे त्यांना कामं कशी अडतात ते. अकरा दिवस ती माझ्याच टेबलावर पडून होती. त्या दिवसांत सून दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा मी सांगितलं, "दीदी, वर अटकून आहे."

शेवटी पुन्हा मोजून पाठवली. मंजुरी आली तेव्हा म्हातारीला जाऊन चार दिवस झाले होते.

सून प्रत न्यायला आली. याचा आता काही उपयोग आहे का, तिनं विचारलं. मी नाही म्हणालो. दान करणारीच राहिली नव्हती आणि सासूच्या जागेत अशा सुनेला कायद्यानं वाटा नव्हता. ती कागदाची घडी घालू लागली. म्हणाली, "वरच्या लोकायनं फार उशीर केला."

मी मान डोलावली.

महिन्याभरात दिरानं तिचं सामान बाहेर काढलं. ती गोंदियाला भावाकडे गेली, असं शेजाऱ्यांकडून कळलं. हल्ली परत आलेली फाईल मी त्याच दिवशी मोजणीला घेतो. ऑफिसातले हसतात. कारण मी कुणालाच सांगितलेलं नाही, घरीही नाही.