सहा वर्षांची पावणी

कॉलेजात तासावर शिकवणाऱ्याला आमच्याकडं कन्नडमध्ये 'अतिथी उपन्यासक' म्हणतात. अतिथी म्हणजे पावणा, उपन्यासक म्हणजे व्याख्याता. बिदरच्या एका कॉलेजात मी सहा वर्षं अशी पावणी होते. उन्हाळ्यात घरी पाठवायचे, पावसाळ्यात परत अर्ज मागवायचे. पीएच.डी. झाली की कायम होशील, असं जो तो सांगायचा. पीएच.डी. झाली, नावाआधी डॉक्टर लागलं, आणि तरी अर्ज काही सुटला नाही.

अशात उदगीरकडच्या एका कॉलेजात इतिहासाची कायम जागा निघाली. पाच वर्षं शिकवल्याचा अनुभव हवा होता, माझ्याकडं सहा होती. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, मुलाखतीच्या आधीच आमच्या चिंताकी गावभर सांगून टाकलं की पोरगी आता पलीकडं महाराष्ट्रात लागणार. मी चिडले खरी, पण मनातल्या मनात मीही तिकडं खोली बघून ठेवली होती.

मुलाखतीच्या दिवशी कागद तपासायला एक बाई बसल्या होत्या. माझा अनुभवाचा दाखला सगळा कन्नडमध्ये. मी म्हटलं, वाचून दाखवते. आणि तिथं माझी अक्कल कुठं चरायला गेली होती कोण जाणे! रोजच्या सवयीनं सरळ वाचून गेले, अतिथी उपन्यासक. बाईंना हिंदीतला उपन्यास आठवला. त्यांनी विचारलं, कादंबऱ्या लिहिता का तुम्ही? मी म्हटलं, अहो शिकवते, व्याख्याती आहे. मग त्यांनी 'अतिथी' धरलं. पाहुणे म्हणून येऊन भाषण दिलं, हार घेतला आणि गेलं, त्याला अनुभव धरत नाहीत म्हणाल्या. मी रोजचे तास सांगितले, तपासलेले पेपर सांगितले. तर मराठी तर्जुमा करून, प्राचार्यांचा शिक्का मारून पाचच्या आत आणा म्हणाल्या. तेव्हा साडेतीन वाजले होते. बिदर कुठं आणि शिक्का कुठं! त्यांनी माझ्यासमोर अनुभवाच्या रकान्यात शून्य लिहिलं. मला तिथंच भांडायचं होतं. मी थँक्यू म्हणून बाहेर आले, आणि त्या थँक्यूची चीड मला अजून येते.

घरी सगळं सांगितलं. अप्पा म्हणाले, "सहा वर्षं तू तिथं काय करायली होतीस मग?"

मी दाखला परत फायलीत ठेवला.

त्या पावसाळ्यात परत बिदरला अर्ज द्यायला गेले. ऑफिसातले क्लार्क अण्णा तिन्ही भाषा बोलणारे, भला माणूस. त्यांना म्हटलं, यंदा माझा अनुभवाचा दाखला मराठीत नाहीतर इंग्रजीत तरी द्या, आणि त्यात 'अतिथी' नको. त्यांचा हात माझ्या अर्जावरच थांबला.

"कामून अक्का? सोडून जायलाव का? तसं असलं तर प्राचार्य सर दुसऱ्याला बोलवतेत."

मी अर्ज त्यांच्याकडं सरकवला.

"न्हाई अण्णा, कुटं जायले मी. कन्नडातलाच ऱ्हाऊ द्या."