आईच्या बसण्याचा दगड

माझ्या बाबांना 'नाही' म्हणता येत नाही. ओळखीचे लोक याला चांगुलपणा म्हणतात. लहानपणी मीही म्हणायचे. आता त्यांचं वय अडुसष्ट आणि माझं एकेचाळीस, आणि आता मला तसं म्हणवत नाही.

त्यांचं नाव सिताराम. आडनाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना लागतं ते विचारून घेतातच. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगाच्या कंपनीत त्यांनी बत्तीस वर्षं काढली आणि एकदाही ओव्हरटाइम नाकारला नाही. तळवलीत भाड्याच्या खोलीत राहत होतो तेव्हा नळावर त्यांचा नंबर लागला आणि मागून कुणी "काका, जरा घाई आहे" म्हटलं, की यांची बादली बाजूला. आई चिडायची. "ह्यांच्या तोंडात जीभ हाय का न्हाई, एकदा डाक्टरला दाखवा," म्हणायची. बाबा हसायचे आणि नंबराच्या शेवटी जाऊन उभे राहायचे.

आईचं नाव भिमाबाई. दोघंही हिंगोलीकडचे. बहात्तरच्या दुष्काळात बाबा पंधरा वर्षांचे होते आणि सरकारी कामावर खडी फोडत होते. शाळेत जे शिकायचं राहिलं ते तिथं शिकले असं ते म्हणतात. दगडाकडे बघून तो कुठून फुटेल, कुठल्या अंगावर टेकेल, पहार कुठं घातली की हलेल, हे त्यांना सांगता येतं. कंपनीत या विद्येचा काही उपयोग नव्हता. ती कामाला आली ती आईला साखर निघाली तेव्हा.

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. रस्त्यावर कंटेनरची रांग, फुटपाथवर गाड्या, मग चालायचं कुठं? कंपन्यांच्या मागे डोंगर होता. बकऱ्या जायच्या तेवढीच वाट, तीही घसरडी. बाबांनी सुट्टीच्या दिवशी पहार आणि फावडं घेऊन पायऱ्या बसवायला सुरुवात केली. सिमेंट नाही, माती नाही, दगडावर दगड. आई त्यांच्यामागून पाण्याची बाटली घेऊन चढायची आणि पायरी हलते का ते त्यावर उभी राहून सांगायची. दीड वर्ष लागलं. याला परवानगी लागते का, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

वर एक करंज आहे. बारा महिने सावली. तिथं बसलं की खाडी दिसते आणि पलीकडच्या मुंबईच्या इमारती. पण आईचे गुडघे असे, की जमिनीवर बसली तर उठता यायचं नाही. म्हणून बाबांनी ओढ्यातून एक लांबट, सपाट दगड निवडला आणि तीन रविवार पहारीनं ढकलत करंजाखाली आणला. आईच्या गुडघ्याची उंची वितीनं मोजून तो तेवढा बसवला. पुढची कड मांडीला टोचू नये म्हणून छिन्नीनं गोल केली, वर बसायला किंचित खोलगट केलं. घरातलं कपाट आणतानासुद्धा बाबांनी एवढा विचार केला नव्हता.

आई त्या दगडावर चौदा वर्षं बसली. एकदा मी तिच्याबरोबर होते तेव्हा तिनं मला सांगितलं, तिच्या माहेरी पाटलाच्या वाड्यातलं कुणी रस्त्यानं निघालं की यांच्या वस्तीतल्या सगळ्यांना आपापल्या दारातल्या दगडावरून उठून उभं राहावं लागायचं. पोरंसुद्धा, म्हातारीसुद्धा. "हितं कुनी ऊठ म्हनत न्हाई," ती म्हणाली आणि पाय लांब केले. मला वाटतं, माझ्या आईला आयुष्यात स्वतःची म्हणून मिळालेली जागा ती एवढीच. आमचा वन रूम किचनही बाबांच्या नावावर आहे.

पुढे डोंगराचं उद्यान झालं. कमान आली, तिकीटघर आलं, व्यायामाची यंत्रं आली, लाल रंगाचा मोठा बदाम, म्हणजे दिल, आला, ज्याच्यापुढे उभं राहून लोक फोटो काढतात. सीवूड्स, सानपाड्याहून रविवारी गाड्या येऊ लागल्या. वाटांना नंबर दिले. बाबांच्या पायऱ्यांना 'ट्रेल दोन' म्हणतात आणि खाली पाटीवर लिहिलंय, 'सोपा'. बाबांनी ती पाटी मला मुद्दाम नेऊन दाखवली. पायऱ्या कुणी बांधल्या हे तिच्यावर कुठंच नव्हतं. "असू दे, नंबर तर मिळाला," म्हणाले. मी तेव्हाच भांडायला हवं होतं.

मग आईच्या पायाच्या करंगळीला जखम झाली. ती भरेना, चिघळली, शेवटी करंगळी काढावी लागली. वर्षभर आई घरात. तिनं चालणं सोडलं, मग बोलणं कमी केलं, मग जेवणही. बाबांनी तिला परत उभं केलं, ते त्यांचं श्रेय मी कधीच नाकारणार नाही. आधी खोलीत, मग गॅलरीत, मग पार्किंगमध्ये फेऱ्या. तिचा पाय थकला की म्हणायचे, "दगडापातूर जायचंय ना? मग चल." दगडाचं नाव काढलं की आई दोन फेऱ्या जास्त मारायची. बाबा सकाळी एकटे डोंगरावर जाऊन आले की ती विचारायची, "हाय का दगड?" बाबा म्हणायचे, "हाय."

दगड होता, यात खोटं काहीच नव्हतं. पण बाबा रोज काय बघून येत होते ते आईला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. आई यायची बंद झाल्यावर त्या दगडावर कुणीतरी फूल ठेवलं. मग कुणी हळदकुंकू वाहिलं. सकाळी फिरायला येणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, त्यांनी एका शनिवारी शेंदूर फासला. उद्यान व्हायच्या आधीचं त्यांच्यातल्या कुणालाच काही माहीत नव्हतं. करंजाखाली गोल कडेचा घडवलेला दगड, म्हणजे जुना देवच असणार.

आईनं जानेवारीतला एक शनिवार ठरवला. मी तिला स्पोर्ट्‌स शूज घेऊन दिले होते. साडीवर ते घालून ती आरशासमोर उभी राहिली आणि स्वतःशीच हसली. पहाटे उठून तिनं धपाटे केले, वर बसून खायला. बाबांनी गेटपाशीच सुरू केलं, आज गर्दी आहे, खालीच बसू. थोडं वर गेल्यावर त्यांचा स्वतःचा गुडघा दुखायला लागला. मग म्हणाले, ऊन चढेल. सकाळचे सात वाजले होते. मला वाटलं, आईच्या काळजीनं घाबरलेत. मीच म्हटलं, "बाबा, टेन्शन नका घेऊ, मी आहे ना." आई पुढे निघून गेली होती. तिची पाठ दिसत होती, आणि गेल्या दोन वर्षांत मी तिला इतक्या भराभर चालताना पाहिलं नव्हतं.

वर पोचल्यावर ती करंजाच्या पुढे चार पावलं निघून गेली. मग थांबली, मागं वळून मला म्हणाली, "राजू, दगड कुठं गेला गं?"

करंजाभोवती पांढऱ्या टाइल्सचा चौथरा होता. स्टीलचं रेलिंग, फांदीला घंटा, 'पादत्राणे बाहेर काढावीत' अशी पाटी. मध्ये शेंदरी देव उभा होता. त्याला चांदीचे डोळे लावले होते. आई जवळ गेली. शेंदराचा थर जाड होता, पण वरची गोल कड ओळखू येत होती. तिच्या मांडीला टोचू नये म्हणून केलेली कड आता देवाचं कपाळ झाली होती. मग तिनं बाबांकडे पाहिलं.

तेवढ्यात प्राची मॅडम आल्या. बँकेतून निवृत्त, ग्रुपमधल्या सगळ्यात उत्साही बाई, मनानं खरोखर चांगल्या. हातात प्रसादाचं पातेलं होतं. "अय्या, सितारामकाका, काकूंना घेऊन आलात! किती छान!" मग आईला म्हणाल्या, "काकू, तुम्हाला सांगितलं की नाही यांनी? देव यांनीच उभा केलाय हो. आडवा पडला होता बिचारा, लोक त्याच्यावर बसायचे, पाय ठेवायचे. आमच्या पाच जणांना हलेना. काकांनी पहार घेतली आणि अर्ध्या तासात उभा! पुण्य लागलं हो तुमच्या घराला."

आई एवढं चढून आली होती, आणि बसायला तिथं दुसरं काही नव्हतं. ती चौथऱ्याच्या कडेवर बसली. देवाकडे पाठ, पायात बूट.

आरतीला दहाबारा माणसं जमली होती. ग्रुपचे म्होरके दिलीपराव पुढे आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "आजी, तिथं नका बसू हं. बूट आहेत ना पायात. खाली वळणावर बेंच आहे, तिथं बसा निवांत." अपमान करायचा म्हणून ते बोलले नाहीत, हे मी कुठंही सांगेन. त्यांच्या आवाजात काळजी होती. ते खेकसले असते तर मी त्यांना तिथंच फाडून खाल्लं असतं.

मी बाबांकडे बघितलं. एक वाक्य बोलायचं होतं त्यांना. हा दगड मी हिला बसायला आणलाय. एवढंच. पुढचं भांडण मी केलं असतं, त्याची मला सवय आहे. सगळे बाबांकडे बघत होते. आईही बघत होती.

बाबा म्हणाले, "ऊठ भिमा. लोक खोळंबलेत."

आई उठली. रेलिंग धरून, दोन वेळा तोल सावरून उठली. प्राची मॅडमनी माझ्या हातावर शिरा ठेवला आणि मी 'थँक यू' म्हटलं. मी म्हटलं. आज हे लिहिताना त्याचीसुद्धा लाज वाटते.

आम्ही वळणावरच्या बाकापर्यंत उतरलो. तिथं आईनं विचारलं, "कवा उभा केला?"

"आठ म्हैने झाले."

"आठ म्हैने तुमी मला हितं यायला चालवलं? कामून?"

"तू चालावंस म्हणून," बाबा म्हणाले. ते खरं होतं. धपाट्यांचा डबा तिनं उघडलाच नाही. मी दुपारी घरी येऊन तो कुत्र्यांना घातला.

त्या संध्याकाळी मी बाबांशी भांडले. आई बाहेर टीव्हीसमोर होती, टीव्ही बंद होता. मी विचारलं, ग्रुपमधल्या लोकांना पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं? बाबा ओट्याला टेकून उभे होते. म्हणाले, "मी म्हणालो होतो, बसायचा दगड असेल कुणाचा तरी. दिलीपराव म्हणाले, बसायला कुणी एवढं घडवतं का काका?" मग म्हणाले, "ऐकून बरं वाटलं गं. आजपातूर माझ्या कामाला कुणी असं म्हणलं नव्हतं."

"आणि उभा का केलात?"

"नाही म्हणलो असतो तर कारण विचारलं असतं. मग आडनाव निघालं असतं. मग म्हणले असते, तरीच. देवाला विरोध का करतोय ते कळलं. सकाळी भेटतात, काका काका करतात. माझ्या सिताराम नावावरून त्यांना वाटतं मी त्यांच्यातलाच. वाटू दे."

आडनाव निघालं असतं, हे मलाही माहीत आहे. माझ्या ऑफिसात मी ते रोज बघते. बाबा चुकीचे असते तर मला सोपं गेलं असतं. पण लोक तसे आहेत म्हणून आईला उठवायचं? तिला कुणी उठवू नये म्हणून जो माणूस डोंगर खोदत बसला, त्यानंच? मी हे त्यांना ओरडून विचारलं. बाबांनी नळ सुरू केला आणि भांडी घासायला घेतली.

आई बाबांशी अबोला धरून बसलेली नाही. जेवायला वाढते, गोळ्यांची वेळ विचारते, त्यांचा शर्ट इस्त्रीला टाकते. डोंगरावर मात्र जात नाही. पार्किंगमधल्या फेऱ्याही बंद केल्या. बाबा म्हणतात, चल, खालपर्यंत जाऊ. ती म्हणते, तुमी जाऊन या. बाबा जातात. न गेलं तर ग्रुपमधून फोन येतो.

गेल्या महिन्यात तपासणीला मी दोघांना घेऊन गेले. साखर पुन्हा तीनशेवर. डॉक्टरबाईंनी कागद खाली ठेवला. "भिमाबाई, छान चालत होतात की. मध्येच का सोडलंत? काय झालं?"

आईनं बाबांकडे हात केला. "ह्यांना इचारा."

डॉक्टरबाई बाबांकडे वळल्या. खोलीत आम्ही चौघंच होतो. ग्रुपमधलं कुणी नव्हतं, आडनाव तर केसपेपरवर लिहिलेलंच होतं. आई त्या शनिवारनंतर पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मीही बघत होते. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"वय झालं आता तिचं, डॉक्टर," ते म्हणाले.