हिच्या माठात जारचं पाणी

मी चौथी पास. पाचवीत गेलो होतो, पण पाचवीनं मला ठेवून घेतलं नाही. तरी लोहा तालुक्यातल्या आमच्या गावात माझा रुबाब असा की वीस वर्षं पाण्याची चावी माझ्या हातात होती. ग्रामपंचायतीचा बोअर सुरू करायचा, टाकी भरायची, पांढरी पावडर बादलीत कालवून वरून ओतायची आणि गल्लीगल्लीनं पाणी सोडायचं. कुणाशी भांडण झालं की त्याच्या गल्लीला पाणी उशिरा. पाण्यातलं जेवढं कळायचं तेवढं आपल्याला कळलंय, असं मला वाटायचं. खरं सांगायचं तर चावी कुठल्या बाजूला फिरवली की पाणी बंद होतं, एवढंच मला कळत होतं.

मागच्या साली माझी मंडळी गेली. सकाळी चहा ठेवला, छातीत दुखतंय म्हणाली, गाडी येईपर्यंत संपलं. त्यावर मी जास्त लिहिणार नाही. लिहिता येत नाही.

तिच्या वर्षश्राद्धाला पाहुण्यांसाठी फिल्टरच्या थंड पाण्याचे विकतचे जार मागवले होते. आमच्याकडं आता तीच रीत झाली आहे. आमचं बोअरचं पाणी खारट. पाहुण्यापुढं ठेवलं तर तो एक घोट घेतो, गिलास हळूच खाली ठेवतो आणि आपल्या गावी जाऊन सांगतो, त्यांच्या घरी पाणीसुद्धा धड नाही. म्हणून कार्यक्रम म्हटला की जार. पंगत उठली, पाहुणे गेले, अर्धा जार उरला.

दोनच दिवसांनी दारात दोघं जण उभी. एक पोरगी, एक पोरगा, दोघांच्या पाठीला पिशव्या. नांदेडला विद्यापीठात पाण्यावर संशोधन करून राहिले होते. पोरगी किनवटकडच्या जंगलातल्या गावची, वसतिगृहात राहून शिकलेली. पोरगा लातूरचा, बोलायला चुरचुरीत.

मी म्हटलं, "पाण्यावर संशोधन? पाणी तर पाणी असतं."

पोरगा म्हणाला, "आजोबा, मग आम्ही घरी जाऊ का?"

मला तो आवडला.

आता पाहुणे म्हटल्यावर पाणी द्यायला हवं. शिकलेल्या लोकांपुढं प्लास्टिकचा जार वाकडा करायची लाज वाटली. कोपऱ्यात हिचा माठ वर्षभर पालथा पडला होता. तो धुतला, जारचं पाणी त्यात ओतलं, तांब्या भरून दिला. दोघं घटाघटा प्याली. पोरगी म्हणाली, "काय गोड पाणी हो!" माझी छाती फुगली. जसं काही मीच ते गोड केलं होतं.

मग तिनं पिशवीतून बाटली काढली. "आजोबा, रोज पिता तेच पाणी ह्यात द्या. आम्ही घरोघरचं तपासतोय."

मी म्हटलं, "आताच प्याली की. हेच रोजचं."

"घरी फिल्टर आहे का? जार घेता का?"

"छ्या! जार पिणारी माणसं वेगळी, माय. आमची मंडळी शेवग्याच्या बिया घालून पाणी निवळायची. तीच रीत हाय आमची."

ह्यातलं हिचं खरं होतं. ती बिया कुटून माठात घालायची, गाळ खाली बसला की वरचं पाणी फडक्यातून ओतून घ्यायची. पण ती गेल्यापासून मी नळाला तोंड लावून पीत होतो, जनावरासारखा. हे कोण सांगणार? पोरीनं सगळं वहीत लिहून घेतलं. बाटलीवर माझ्या घराचा नंबर टाकला. मी दारापर्यंत पोचवायला गेलो, जसा काही जावईच निघाला.

आठ-दहा दिवसांनी पोरीचा फोन. आवाज धावत आल्यासारखा. "आजोबा, अख्ख्या गावात तुमचं पाणी सगळ्यात चांगलं निघालं!"

मग तिनं समजावून सांगितलं. आमच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड नावाचा क्षार लई आहे. तो खडकातून उतरतो. डोळ्याला दिसत नाही, जिभेला लागत नाही. आधी दात पिवळे करतो, मग हाडं धरतो, गुडघे आखडतात. बोअर सगळ्या गावाला एकच, पण माझ्याच घरी फ्लोराईड नाही. म्हणजे आजीच्या शेवग्यानं ते काढलं असणार. "आमच्या सरांचा विश्वास बसत नाही. म्हणतात, पुन्हा नमुना आणा. उद्या येऊ का?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. 'माय, तो जार होता' एवढे चारच शब्द. पण ती 'आजीच्या शेवग्यानं' असं म्हणाली ना, तिथंच माझी जीभ बसली. वर्षभर माझ्या बायकोविषयी कुणी नवीन असं एक वाक्य बोललं नव्हतं. बिचारी गेली, चांगली होती, झालं. आणि ही पोरगी तिला हुशार म्हणत होती. मी म्हटलं, "या की."

फोन ठेवला आणि जारवाल्याला लावला.

शेजारी माझी चुलत भावजय राहते. जार उतरताना तिनं पाहिला. "काय भाऊजी, आज कुणाचं श्राद्ध?"

"तहान लागली म्हणून मागवला."

"वीस वर्षं गावाला खारट पाणी पाजलं, आता सोता गोड पिऊन राहिले. बरंय!"

पहिल्यांदा पाहुणचार होता. दुसऱ्यांदा मी डोळे उघडे ठेवून खोटं केलं. माठात शेवग्याच्या चार बियाही टाकल्या, दिसायला बऱ्या म्हणून. पोरीनं बाटली भरली, माठाचा फोटो काढला, उभा काढला, आडवा काढला. नवरीचेसुद्धा एवढे फोटो आमच्या वेळी निघत नव्हते.

ह्याही बाटलीचं तेच निघालं. मग पोरीनं बाकी गावांचे नमुने बाजूला ठेवले आणि सगळं काम आमच्या माठावरच करायचं ठरवलं. लातूरला एका कॉलेजात नव्या संशोधकांची परिषद होती. तिथं ती माठाचा मोठा कागद भिंतीला लावून लोकांना समजावून सांगणार, आणि मी शेजारी उभं राहून हिची रीत सांगायची. "आजीचं नाव वर घालते," म्हणाली. आमची मंडळी लातूरला एकदाच गेली होती, दवाखान्यात, गुडघे दाखवायला. आता तिचं नाव तिथल्या भिंतीवर लागणार. मी धोतर इस्त्री करून आणलं.

तिघं एसटीनं निघालो. पोरीच्या मांडीवर एक लांब नळकांडं होतं. मला वाटलं पाइप आहे. पाण्यावाल्याला सगळीकडं पाइपच दिसतो. त्यात तो कागद होता.

अहमदपूरला गाडी थांबली. चहा घ्यायला उतरलो. पोरगी खुशीत होती. म्हणाली, "आजोबा, माझी आई तर आत्तापासून आजीची चेली झाली."

"म्हंजी?"

"आमच्या पाड्याजवळच्या हातपंपाला लाल रंग मारलाय. फ्लोराईड आहे, पिऊ नका म्हणून. आई पिण्याचं पाणी लांबच्या विहिरीवरून आणते, ओढा ओलांडून. मी तिला सांगितलं, आता जाऊ नको. पंपाचंच भर, आजीसारखा शेवगा घाल आणि पी. पंधरा दिवस झाले. शेजारच्या बायाही करतायत."

माझ्या हातातला चहा धोतरावर सांडला. इस्त्रीचं धोतर. पोरगा म्हणाला, "आजोबा, लातूरला अजून उशीर हाय, आत्ताच नका घाबरू."

मी म्हटलं, "माय, आईला फोन लाव. त्या पंपाचं पाणी पिऊ नको म्हणून सांग."

"का?"

"मी खोटं बोललो. तो जार होता. दोन्ही बारीला."

पोरगा हसला, त्याला थट्टा वाटली. मग त्यानं माझं तोंड पाहिलं आणि हसू गिळलं.

"दोन्ही वेळा?" तिनं विचारलं.

"हाव. पहिल्यांदा लाजंनं. दुसऱ्यांदा... तू हिचं लई कौतुक करून राहिली होती, म्हणून."

मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं आधी फोन काढला. आईशी गोंडीत बोलली. मला शब्द कळले नाहीत, पण समोरची बाई उलटून विचारत होती आणि पोरगी तेच तेच पुन्हा सांगत होती, हे कळलं. फोन ठेवून म्हणाली, "आजपासून विहिरीवर जाईल." मग नळकांड्याकडं बघून म्हणाली, "आता ह्याचं काय करू?"

मी म्हटलं, "मी इथूनच परत जातो."

"न्हाई आजोबा. तुम्ही लातूरला येणार. मी एकटीनं शरम खायची का?"

गाडीनं भोंगा वाजवला. चढलो. लातूरपर्यंत खिडकीतून सोयाबीन बघत बसलो, जसं काही आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय.

कॉलेजात भिंतीवर ओळीनं कागद लागले होते. पोरीनं आपला लावला. मध्यभागी हिचा माठ, माझ्या घरातला, त्यावर हिचं नाव. पोरानं एका कोऱ्या पट्टीवर जाड पेननं लिहिलं आणि माठाखाली चिकटवली. 'नमुना चुकीचा निघाला. पुन्हा तपासणी करणार.' येणाऱ्या प्रत्येकाला पोरगी सांगत होती, आम्ही कुठं चुकलो. पाणी आमच्या डोळ्यांपुढं नळातून भरून घेतलं नाही. घरच्या माणसाच्या शब्दावर विसंबलो. माझ्याकडं बोट करत नव्हती. शेवटी एका चष्मेवाल्या सरांनी मलाच विचारलं, "तुम्ही कोण?"

मी म्हटलं, "घरचा माणूस. ज्याच्या शब्दावर विसंबले तो."

सर हसले नाहीत. पोरीला म्हणाले, "तू लपवलं नाहीस ना, मग कर पुन्हा." मला चहा विचारला. धोतरावर आधीचाच होता.

पुढच्या आठवड्यात दोघं यायची होती. ह्या वेळी खरी रीत करायची, हिच्यासारखी. मी शेवग्याच्या शेंगा घेऊन बसलो आणि पहिल्याच शेंगेला अडलो. बिया किती? सोलून का तशाच? कुटायच्या बारीक का जाड? ढवळायचं किती, झाकून ठेवायचं किती? गावाला पाणी पाजणाऱ्या माणसानं चाळीस वर्षांत घरचा माठ एकदा भरला नव्हता. ती भरायची, मी प्यायचो. फार तर म्हणायचो, आज गार नाही.

भावजयीकडं गेलो. ती दारातच म्हणाली, "ताईनं मला शिकवलं. तुम्हाला शिकवायला तुम्ही घरात थांबत होता कवा?" मग माझ्या वट्ट्यावर बसून तिनं सगळं करून घेतलं. "तसं न्हाई भाऊजी, गोल गोल, हळू. पाण्याला मारायचं न्हाई." दोन माठ वाया घालवले. तिसरा बरा निवळला.

पोरगी आली. बाटली काढायच्या आधी तिनं नळ उघडून चव घेतली. मग माठातलं ओंजळीत घेऊन प्याली. तोंड वाकडं केलं. "खारट आहे."

"हाय ना?" मी म्हटलं. पाहुण्यानं माझ्या घरचं पाणी पिऊन तोंड वाकडं केलं आणि मला बरं वाटलं, असं पहिल्यांदाच झालं.

चार दिवसांनी फोन आला. "आजोबा, गाळ सगळा बसला. पाणी एकदम नितळ. पण फ्लोराईड होतं तेवढंच आहे."

"म्हंजी ती नापास."

"गाळात पास. तेवढंच लिहिते, आजीच्या नावानं. लिहू ना?"

"लिही," म्हटलं. "तिला खोटं आवडत नव्हतं."

फोन ठेवून बसलो. शेवटच्या सात-आठ वर्षांत तिला मांडी घालता येत नव्हती. चुलीपुढं पाय पसरून बसायची. मी म्हणायचो, वय झालं तुझं. ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान होती.

आता शिवारातल्या जुन्या विहिरीचं पाणी आणतो. पोरीनं तपासून दिलंय, गढूळ आहे पण फ्लोराईड कमी. सायकलला दोन कॅन बांधतो. घरी आणून शेवगा घालतो, गोल गोल, हळू. भावजय कुंपणावरून बघते आणि रोज काहीतरी बोलतेच. परवा म्हणाली, "भाऊजी, हात बसला आता तुमचा." मी माठावर झाकण ठेवलं, तांब्या उपडा घातला, आणि पाणी निवळायची वाट बघत तिथंच बसून राहिलो.