झोपलेल्या अँसेल्मचं अळणी ताट

यूलिना टँटीनं, म्हणजे आमच्या यूलिना मावशीनं, नवऱ्याच्या, अँसेल्मच्या थडग्याचा दगड कोंबड्यांच्या खुराड्याला टेकवून ठेवलाय, कारण गावजेवणाला बोकड कापायचं तिच्या जिवावर येतं, असं कॅरियाकू बेटावर जो तो सांगायचा. सांगताना तिच्यासारखं नाक वर ओढून "बघ बाई" म्हणायलाही कुणी विसरायचं नाही.

त्यातला दगड तेवढा खरा. कंजूषपणा निव्वळ थाप. कुणाकडे ताप आला की पहिलं सूप टँटीचंच पोचायचं, आणि वाडगा रिकामा होईपर्यंत ती समोरून हलायची नाही. खरं कारण वेगळं. टँटी शनिवारवाली, म्हणजे रविवारऐवजी शनिवारी चर्चला जाणाऱ्या पंथातली. तिच्या चर्चमध्ये शिकवतात की मेलेला माणूस गाढ झोपलेला असतो. प्रभू येऊन हाक मारेल तेव्हाच उठेल. तोवर त्याला ना भूक, ना तहान, ना शेजारपाजारची भांडणं. आणि आमच्या बेटावर नुसता दगड उभारून भागत नाही. त्याच्यावर रम शिंपडायची, गाव जेवू घालायचं, आतल्या खोलीत मेणबत्ती लावून गेलेल्याचं ताट मांडायचं. तेही अळणी, कारण मेलेल्यांना मीठ चालत नाही. झोपलेल्याला कुणी जेवायला वाढतं का, असं टँटी विचारायची, आणि दगड खुराड्यापाशीच राहायचा.

तिची नणंद सेलेस्टिन कॅथलिक. तिच्या मते अँसेल्मचा आत्मा शुद्धिस्थानात प्रार्थनांची वाट बघत होता, आणि अधूनमधून तिच्या स्वप्नातही डोकावत होता. ओली टोपी हातात धरून दारात उभा राहायचा आणि विचारायचा, मी बसू कुठे? पुढे सेलेस्टिनला चार पावलांत धाप लागायला लागली, तेव्हा ती काठी टेकत टँटीकडे आली. दगड उभा न करताच आपण गेलो तर भावाला तोंड कसं दाखवायचं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

टँटीनं नेहमीचं ऐकवलं. तो झोपलाय, तू गेलीस की तूही झोपशील, तोंड दाखवायचा प्रश्नच नाही.

"एवढी झोप?" सेलेस्टिन म्हणाली. "उजाडायच्या आत होडी लोटणारा माणूस तो. माझ्या भावाला आळशी म्हणू नकोस, यूलिना."

टँटीला हसू फुटलं. हसता हसता तिची नजर नणंदेच्या सुकलेल्या हातांवर गेली. अँसेल्म अंथरुणाला खिळला तेव्हा दर शनिवारी हेच हात दारात हजर असायचे. जा तू तुझ्या चर्चला, मी बघते, असं म्हणून सेलेस्टिन त्याला भरवायची, त्याची कूस बदलायची. टँटीचा एकही शनिवार चुकला नाही तो या कॅथलिक बाईच्या जोरावर. त्याबद्दल देवाचे आभार टँटीनं कितीदा तरी मानले होते. नणंदेचे मानायचे तेवढे राहून गेले होते.

तिनं बोकड सांगितला.

दगड उभा राहिला. रम शिंपडताना टँटी जरा लांब सरकली, पण ताटाचा स्वयंपाक तिनं दुसऱ्या कुणाला करू दिला नाही. पाहुण्यांचा हंडा वेगळा, ताटाचं पातेलं वेगळं. शनिवारवाली बाई तत्त्वासाठी गुपचूप चिमूटभर मीठ टाकणारच, अशी कुजबुज चुलीभोवती चालली होती. टँटीनं ती ऐकली आणि ढवळणं थांबवलं नाही.

"अँसेल्म झोपलाय, बघ बाई. तो घासभरही खायचा नाही," ती म्हणाली. "पण सेलेस्टिन जागी आहे ना."

संध्याकाळी मेणबत्ती लागली तेव्हा सेलेस्टिन ताटासमोर बराच वेळ उभी होती. मीठ घातलंस का, असं तिनं हळूच विचारलं. टँटीनं मान हलवून नाही म्हटलं.

"मग बसेल तो आता," सेलेस्टिन म्हणाली, आणि खुर्ची ओढून स्वतःही बसली.

मिठावर पैज लावणारी मात्र एक होती. ती म्हणजे प्रस्तुत लेखिका. टँटी हरली तर तिनं पाद्रीबुवांची नक्कल करून दाखवायची. लेखिका हरली तर तिनं एक शनिवार टँटीच्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचं आणि कुणाचीही नक्कल करायची नाही. सकाळी रिवाजाप्रमाणे पोरं ताटावर तुटून पडली. लेखिकेनं कोपरं मारत मक्याच्या उकडीचा एक गोळा मिळवला. अळणी, अगदी अळणी.

पुढच्या शनिवारी पाद्रीबुवांचा प्रत्येक 'स' शिट्टी वाजवत होता. लेखिका ओठ दाबून बसली होती, आणि शेजारी टँटी, नाक वर ओढत.