व्हेनिसचं पुस्तक आणि विणकराची सही

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगलीच्या कॉलेजात तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं, इतरांच्या खोटेपणावर तावातावानं बोललो – आणि स्वतःच्या?

माझ्याकडे एक जुनं इंग्रजी पुस्तक आहे. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचा कारभार कसा चाले, यावरचं. चामड्याची बांधणी, वाळवीनं खाल्लेला कोपरा. ते माझं नाही. शेजारच्या भूपालआप्पांनी वाचायला दिलं होतं. पहिल्या पानावर तीन मालकांच्या सह्या होत्या. वर साताऱ्यातला कोणी गोरा अंमलदार, खाली पाटणचे एक वकील, आणि त्याखाली जाड देवनागरीत – 'बाबगोंडा, विणकर, माधवनगर'. हे आप्पांचे वडील. साताऱ्याच्या रद्दीतून त्यांनी ते उचललं आणि शब्दकोश शेजारी ठेवून सबंध वाचलं. व्हेनिसचा प्रमुख निवडताना चिठ्ठ्या टाकत, हे सांगणाऱ्या पानाच्या समासात त्यांची पेन्सिल विचारते, 'चिठ्ठ्यांत विणकराचं नाव का नाही?'

असा प्रश्न मला कधी पडला होता का?

कॉलेजातले लोक घरी आले, की मी ते पुस्तक आमच्या घराण्यातलं म्हणून दाखवू लागलो. त्या तीन सह्या आड येत होत्या. एका दुपारी – पट्टी लावून – मी ते पान फाडलं. चुलीत घातलं.

मग महापूर आला. आप्पांचं घर छपरापर्यंत बुडालं. आम्ही वरच्या मजल्यावर, कोरडे. पाणी उतरल्यावर आप्पा चिखलातून माझ्या दारात आले. वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, एकुलता एक फोटो, कागदपत्रं, काही उरलं नव्हतं.

"सर, आमचं समदं गेलं. तुमच्याकडचं पुस्तक तेवढं हाय न्हवं? आमच्या अण्णांचं अक्षर फक्त त्यातच ऱ्हायलंय."

पुस्तक आत, कपाटात होतं. पण पान? पान नव्हतं. समासातली अक्षरं तरी होती – तेवढ्यावरही ते रडले असते, मला माफ केलं असतं. मला ते माफ करणंच नको होतं.

"खालच्या खोलीत ठेवलं होतं, आप्पा. गेलं."

ते उंबऱ्यावरच बसले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमी नका वाईट वाटून घेऊ. पाण्यापुढं कुणाचं चालतंय?"

माझंच सांत्वन केलं त्यांनी! दोन वर्षांनी ते गेले. शेवटच्या आजारात मी रोज भेटायला जात होतो. रोज न सांगताच परत येत होतो.

गेल्या महिन्यात पुस्तक पिशवीत घालून साताऱ्याला त्यांच्या मुलीकडे गेलो. आज सांगायचंच, असं ठरवून. तिनं चहा दिला. म्हणाली, "आप्पा शेवटपर्यंत तुमचं नाव घेत होते. म्हणायचे, आपलं घर गेलं, पण सरांसारखा माणूस मिळाला." आणि वाकून माझ्या पाया पडली.

मी पाय मागे घेतले नाहीत. पिशवी मांडीवर तशीच धरून बसलो, चहा संपवला, आणि सांगलीच्या एसटीत चढलो.

पुस्तक माझ्याच कपाटात आहे.